भामिनीचा नकार

‘संगीत मानापमान’चे नाव काढले की माणसांना आधी पदे आठवतात, मग बालगंधर्व आठवतात, फार तर केशवराव भोसल्यांबरोबरचा संयुक्त प्रयोग आठवतो. गोष्ट विचारली की मात्र चाचपडायला होते. २०२५ साली १० जानेवारीला सुबोध भावे यांचा ‘संगीत मानापमान’ हा चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा आमच्या जुळे सोलापुरात ओळखीच्या आठ-दहा जणांना मी मुद्दाम विचारून पाहिले, की मूळ नाटकात भामिनी धैर्यधराचा अपमान करते तो कशावरून? एकाने सांगितले, तिचे दुसऱ्यावर प्रेम असते. एका बाईंनी सांगितले, गैरसमज होतो. पदे तोंडपाठ असलेले एक निवृत्त शिक्षक ‘रागावते काहीतरी’ एवढे म्हणून गुणगुणायला लागले.

उत्तर अगदी उघडे आहे. धैर्यधर गरीब आहे. काकासाहेबांनी या शूर सेनापतीला जावई करायचे योजलेले असते. त्यांची मुलगी भामिनी श्रीमंतीत वाढलेली. असल्या निर्धन माणसाच्या घरात मी कशी जाऊ, हा तिचा सवाल, आणि तो ती त्याच्या पाठीमागे नव्हे, तोंडावर करते. धैर्यधरही काही कमी मानी नाही. तो बिथरतो आणि निघून जातो. दुसरीकडे लक्ष्मीधर हा धनाढ्य उमेदवार तयारच असतो; अंगावर दागिने, तोंडात बढाया आणि छातीत धडधड. पुढे भामिनी वनमाला नावाच्या गरीब मुलीच्या वेषात धैर्यधराच्या छावणीत जाते, जवळून त्याला पाहते, प्रेमात पडते, आणि तोही वनमालेच्या प्रेमात पडतो. ज्या गरिबीला ती हसली, तीच तिने अंगावर चढवलेली असते. शेवटी वेष उतरतो आणि मान-अपमानाचा हिशेब मिटतो.

मी हिशेबाच्या कामात आयुष्य घालवलेला माणूस आहे, नाट्यशास्त्र कुठे शिकलेलो नाही. तीसेक वर्षे जुन्या नाटकांची पुस्तके आणि तबकड्या जमवत, वाचत, ऐकत आलो. त्या वाचनातून माझे मत असे झाले आहे की या नाटकाचा कणा त्याच्या संगीतात नाही, सेनापतीच्या तलवारीतही नाही. तो या एका नकारात आहे. म्हणून नाटकाचे रूपांतर करायला बसलेल्याने पहिला प्रश्न हाच सोडवायला हवा, की आपल्या काळातल्या प्रेक्षकाला हा अपमान पुन्हा झोंबेल कसा.

आधी मूळ काळ पाहू. नाटकाचा पहिला प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत केला. लेखक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. त्यांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले होते आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली होती. कीचक म्हणजे कर्झन, हे प्रेक्षकांनाही कळत होते आणि उशिरा का होईना सरकारलाही कळले. टिळक मंडालेला तुरुंगात, ‘केसरी’चा भार वाहिलेला हा माणूस गद्य नाटकांत मुरलेला, आणि बंदीनंतर थोड्याच काळात तो प्रेमाची संगीत सुखात्मिका घेऊन उभा राहतो. पुष्कळांनी याला माघार मानले. मला तसे वाटत नाही. ज्या काळात परदेशी कापडाच्या होळ्या होऊन फार वर्षे झाली नव्हती, त्या काळात श्रीमंती भित्री आणि गरिबी शूर दाखवणे हे निव्वळ करमणुकीचे काम नव्हते. लक्ष्मीधराला हसताना थिएटरातले लोक कोणाकोणाला हसत असतील, याचा अंदाज बांधायला इतिहासाची पदवी लागत नाही. ही भूमिका गणपतराव बोडस करीत. हशा वसूल करण्यात त्यांचा हात धरणारा नट त्या काळात विरळा.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती भामिनी. तिच्या आधी मराठी रंगभूमीवर फणकाऱ्याची नायिका नव्हती असे नाही. शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’वरून वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी केलेले ‘त्राटिका’ गाजलेले होते. तिथे कजाग बायकोला नवरा वठणीवर आणतो आणि प्रेक्षक टाळ्या पिटतात. खाडिलकरांच्या नाटकात भामिनीला कोणी वठणीवर आणत नाही. तिची चूक तिची असते आणि ती दुरुस्तही तीच करते. छावणीत जाण्यामागे कोणाची खटपट का असेना, पाहते ती स्वतःच्या डोळ्यांनी आणि ठरवते ती स्वतःच्या बुद्धीने. इंग्रजीत ऑलिव्हर गोल्डस्मिथच्या १७७३ सालच्या ‘शी स्टूप्स टू कॉन्कर’मध्ये घरंदाज मुलगी मोलकरणीचे सोंग घेते आणि बुजऱ्या नवऱ्या मुलाची पारख करते. सोंगाची युक्ती तीच. पण तिथली मुलगी सुरुवातीपासून शहाणी आहे, खोट मुलात आहे. खाडिलकरांनी खोट मुलीत ठेवली, आणि तरीही तिला नायिका ठेवले. ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. पहिल्या अंकात जिचा राग येतो तिच्यावर चौथ्या-पाचव्या अंकापर्यंत प्रेक्षकाचा जीव जडवायचा आहे.

ते साधले कसे? इथे संगीत कामाला येते. किर्लोस्कर-देवलांच्या नाटकांत पदांच्या चाली बहुधा नाटककारच निवडीत: साक्या, दिंड्या, कीर्तनी चाली, कर्नाटकी चाली. ‘मानापमान’साठी चाली दिल्या गोविंदराव टेंबे यांनी. कोल्हापूरचा हा पेटीवादक पूरब अंगाच्या ठुमऱ्या, कजऱ्या, होऱ्या कानात साठवून होता आणि त्या रंगाच्या चालींवर त्याने मराठी शब्द चढवले. ठुमरी हे नखऱ्याचे, रुसव्याचे, मनवण्याचे गाणे. एकच शब्द दहा तऱ्हांनी म्हणायचा आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ किंचित सरकवायचा. भामिनीला नेमके हेच हवे होते. गद्यात जो माज वाटतो, तोच सुरात लाडिक वाटतो. म्हणजे ती अपमान करीत असतानाच प्रेक्षकाच्या कानाने तिला अर्धी माफी देऊन टाकलेली असते. बावीस वर्षांच्या बालगंधर्वांच्या गळ्यात ती जागा होती. समोर धैर्यधर होते नानासाहेब जोगळेकर.

पदे पन्नासच्या आसपास, प्रयोग रात्रभर. आज आपण यावर हसतो. पण पदांचे काम काय होते ते पाहायला हवे. पद म्हणजे गोष्ट थांबवून गाणे, असा आपला समज सिनेमाने करून दिला आहे. ‘मानापमान’मध्ये पुष्कळ पदे ही वादाची पुढची पायरी असतात. भामिनी गद्यात एक वाक्य बोलते, पदात तेच पुन्हा ठासते, आणि वन्समोअर आला की तिसऱ्यांदा ठासते. धैर्यधर ते सगळे उभा राहून ऐकत असतो. अपमान सोसायला वेळ लागतो, आणि तो वेळ संगीत नाटकापाशी भरपूर होता. प्रेक्षकाला त्या पुरुषाच्या चेहऱ्याकडे पाहायला फुरसत मिळे.

आता एक विसंगती सांगतो. श्रीमंतीची टर उडवणारे हे नाटक पुढे मराठीतले सर्वांत श्रीमंती थाटाचे नाटक झाले. १९१३ साली बालगंधर्व, बोडस आणि टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तिथे भारी शालू आले, खरे जरीकाम आले, अत्तरे आली, मखमली पडदे आले. भामिनीचे लुगडे कोणते, हा बायकांच्या चर्चेचा विषय झाला. भामिनीची चूक ज्या वैभवाच्या वेडातून होते, ते वेडच तिकीटबारीवर विकले जाऊ लागले. वनमालेच्या गरिबीलाही रेशमी झाक आली असणार. कंपनी पुढे कर्जात बुडाली ती याच थाटापायी. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांची भामिनी आणि ललितकलादर्शच्या केशवराव भोसल्यांचा धैर्यधर समोरासमोर आले. त्या संयुक्त प्रयोगाला अवघा महाराष्ट्र लोटल्याचे वर्णन आपण लहानपणापासून ऐकतो. त्या रात्री लोक कोण कोणाला गाण्यात हरवतो ते पाहायला आले होते. भामिनी काय म्हणून नकार देते, याकडे कोणाचे लक्ष होते की नाही, देव जाणे. तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले आणि त्या प्रयोगाची दंतकथा झाली. दंतकथा झाली की गोष्ट मागे पडतेच.

पुढे बळवंत संगीत मंडळीच्या दीनानाथ मंगेशकरांनी धैर्यधराच्या पदांना आपल्या तडफदार गळ्याने नवेच रूप दिले. आज ‘चंद्रिका ही जणू’सारखे पद आपण ऐकतो ते त्यांनी घडवलेल्या वळणाने. वसंतराव देशपांड्यांनी ते वळण पुढे नेले. राहुल देशपांडे आणि निपुण धर्माधिकारी यांनी अलीकडे नाटक काटछाट करून दोन-अडीच तासांत बसवले, तेव्हाही लोक गेले ते मुख्यतः गाण्यासाठी. याबद्दल तक्रार नाही. गाणे होतेच तसे.

या नाटकाचे आणि बोलपटाचे नाते नवे नाही. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट झळकला. त्याचे संगीतकार गोविंदराव टेंबे, आणि त्यातला हरिश्चंद्रही तेच. म्हणजे मराठी बोलपटाला पहिला सूर देणारा हात ‘मानापमान’च्या पेटीवरून आलेला होता. बालगंधर्वही १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले, पण रंगभूमीवरचा तो जादूगार पडद्यावर रमला नाही आणि प्रभातशी झालेला करार पुढे टिकला नाही. कॅमेरा जवळ येतो. वन्समोअर कॅमेऱ्याला कळत नाही. संगीत नाटक पडद्यावर आणणाऱ्याला ही अडचण तेव्हाही होती, आजही आहे.

ती अडचण सुबोध भावे यांनी एकदा पार केलेली होती. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या १९६७ सालच्या ‘कट्यार काळजात घुसली’चा चित्रपट त्यांनी २०१५ च्या दिवाळीत आणला आणि तो चांगलाच चालला. (मूळ नाटकात झरीना झालेल्या फैय्याज आमच्या सोलापूरच्या, हे इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.) पण ‘कट्यार’ हे गाण्याबद्दलचेच नाटक आहे. तिथे दोन गवई एकमेकांसमोर गातात ते गोष्टीतच गातात. कॅमेऱ्याला कारण मिळते. ‘मानापमान’मध्ये सेनापती का गातो, याला संगीत नाटकाच्या रिवाजापलीकडे उत्तर नाही.

चित्रपटात भावे स्वतः धैर्यधर आहेत, वैदेही परशुरामी भामिनी. ज्या नटाने भामिनी घडवली त्या बालगंधर्वांची भूमिका भावे यांनी २०११ सालच्या चित्रपटात केली होती. आता ते भामिनीच्या समोर उभे राहिले. संगीत शंकर-एहसान-लॉय यांचे. पन्नासच्या आसपासची पदे जाऊन चौदा गाणी राहिली आहेत, काही जुनी पदे आणि बाकी नवी रचना. गायकांची फौज मोठी आहे. गाणे हा चित्रपटाचा भक्कम भाग, यात वाद नाही. नांदीच्या जागी येणारे तिघा गायकांचे ‘वंदन हो’ मी घरी पुन्हा पुन्हा ऐकले. राजवाडे, घोडे, तलवारी, रणांगण, सगळे डोळे दिपवणारे. निर्मिती जिओ स्टुडिओजची, म्हणजे देशातल्या सर्वांत धनवान घराण्याच्या पैशातून लक्ष्मीधराच्या श्रीमंतीला हसणाऱ्या नाटकाचा चित्रपट निघाला. खाडिलकर असते तर त्यांनी यावर एक अग्रलेख लिहिला असता.

माझा मुद्दा दोन जागी आहे. पहिली जागा चंद्रविलासाची. सुमीत राघवन यांनी केलेले हे पात्र नाटकात नाही. नाटकातला लक्ष्मीधर धैर्यधराचे काहीच वाकडे करू शकत नाही. तो इतका भित्रा आहे की त्याच्यापासून धोका नाही. धोका फक्त भामिनीच्या स्वभावाचा आणि धैर्यधराच्या ताठ्याचा. चित्रपटात चंद्रविलास आला आणि नायकाच्या वाटेत खराखुरा अडसर उभा राहिला. पटकथेच्या दृष्टीने ही सोय मोठी आहे. अडीच तास गोष्ट पळती ठेवायची, शेवटी तलवारीला तलवार भिडवायची, तर समोर कोणीतरी हवाच. पण खलपुरुष आला की दोष वाटला जातो. नायिकेच्या चुकीचे वजन हलके होते, कारण त्याहून मोठे पाप करणारा पडद्यावर हजर असतो. आपण भामिनीला तिच्या शहाणपणासाठी माफ करण्याऐवजी दुसऱ्याच्या लबाडीमुळे माफ करतो. सुखात्मिका हळूहळू शौर्यकथेकडे सरकते ती इथून.

दुसरी जागा काळाची. १९११ सालच्या प्रेक्षकाला ‘सेनापती’ हा शब्द ऐकून जे वाटत असेल ते २०२५ सालच्या प्रेक्षकाला वाटत नाही. राज्य गमावलेल्या समाजाला रंगमंचावरची तलवार बोचत असणार. आज ती तलवार शोभेची. बाजीराव, तानाजी, शिवकाळ यांच्या चित्रपटांनी ती इतकी परजली आहे की तिच्या खणखणाटाने कोणी दचकत नाही. दचकवण्याची ताकद ज्यात शिल्लक आहे, ती गोष्ट वेगळी, आणि ती शोधायला राजवाड्यात जावे लागत नाही.

चित्रपट लागला तो सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या आठवड्यात. सोलापूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर जो अक्षता सोहळा होतो, तो एका नाकारलेल्या मागणीचाच सोहळा आहे. कुंभाराच्या कन्येने सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचा हट्ट धरला. ते योगी, त्यांनी स्वतः नकार दिला आणि आपल्या योगदंडाशी तिचे लग्न लावून दिले, अशी कथा आहे. लाखभर लोक दरवर्षी त्या लग्नाच्या अक्षता टाकतात. नकारातून अपमान होऊ नये म्हणून एका गावाने काढलेली ही तोड मला फार जुनी आणि फार सभ्य वाटते.

पण सोलापुरातल्या नकाराची अलीकडची कथा तितकी सभ्य नाही. २०२२ च्या डिसेंबरात ज्योती क्रांती परिषदेने जिल्हाधिकारी कार्यालयावर एक मोर्चा नेला. बाशिंगे बांधलेले, घोड्यांवर बसलेले तरुण, पुढे बँड, आणि मागणी अशी की आम्हाला नवरी मिळवून द्या. देशभरच्या बातम्यांत तो झळकला. लोक हसले. मोर्चेकऱ्यांचे म्हणणे गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा नीट राबवा, असे होते, आणि त्यात तथ्य होतेच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. शून्य ते सहा वर्षांच्या मुलांत तर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली. त्या जनगणनेतली मुले आता लग्नाच्या वयाला आली किंवा येत आहेत. पण मोर्चातली पोरे खासगीत दुसरे कारण सांगत असणार, कारण तेच कारण घराघरांत ऐकू येते. शेती करतो म्हणून नको. खासगीत नोकरी म्हणून नको. गावात राहतो म्हणून नको.

माझे अक्षर आणि मराठी बरे म्हणून शेजारीपाजारी लग्नाचा बायोडाटा लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. जुळे सोलापूर हे विजापूर रस्त्याच्या कडेने वाढलेले, नोकरदारांचे आणि निवृत्तांचे उपनगर. इथल्या बहुतेक घरांतले एक पोर पुण्यात असते. बायोडाट्यात ‘अपेक्षा’ नावाचा रकाना असतो. पूर्वी तिथे ‘सुस्वभावी, निर्व्यसनी’ असे लिहीत. आता पुण्यात स्वतःचा फ्लॅट, पॅकेजचा आकडा, एकुलता असल्यास उत्तम. मी लिहून देतो. लिहिताना खाडिलकरांची भामिनी माझ्या टेबलाशी उभी असते. तिचा सवाल आणि या रकान्यातला सवाल शब्दांच्या फरकाने एकच आहे. फरक एवढाच की आता तो तोंडावर कोणी बोलत नाही. ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप येतो.

इथे मला भामिनीची बाजूही घ्यावीशी वाटते, आणि खाडिलकरांनी तिला ती बाजू मांडू दिली हे त्यांचे मोठेपण. बापाने ठरवलेला नवरा नको म्हणण्याचा हक्क तिला आहे. ती उर्मट आहे, पण गप्प नाही. बाशिंगवाल्यांच्या मोर्चात मुलींचे म्हणणे कोणी विचारले नव्हते. मजुरी करून, कर्ज काढून शिकलेली मुलगी पुन्हा त्याच कर्जाच्या घरात जायला नको म्हणत असेल, तर ती श्रीमंतीला भुललेली म्हणायची की शहाणी? १९११ च्या भामिनीने गरिबी कधी पाहिलेलीच नव्हती. तिचा नकार अज्ञानातला होता. आजच्या पुष्कळ भामिनींनी ती जवळून पाहिली आहे आणि म्हणूनच त्या नको म्हणतात. मूळ सूत्र इथे उलटते. याचा चित्रपट झाला तर त्याला चंद्रविलासाची गरज पडणार नाही. दोन्ही बाजू खऱ्या असल्या की भांडायला तिसरा लागत नाही.

जुन्या सुखात्मिकेला आजच्या घरात आणणे ही काही अशक्य गोष्ट नाही. ‘त्राटिके’च्या मूळ नाटकावर १९९९ साली अमेरिकेत ‘टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू’ निघाला. गोष्ट सरळ शाळेत नेऊन बसवली आणि शेक्सपिअरचे शब्द सोडून दिले. २०१२ साली जॉस व्हेडनने ‘मच अडो अबाउट नथिंग’ उलट तऱ्हेने केले: शब्द शेक्सपिअरचेच ठेवले, पण चित्रण स्वतःच्या राहत्या घरात, आजच्या कपड्यांत आणि कृष्णधवल, बाराएक दिवसांत उरकलेले. राजवाड्याचा खर्च वाचला आणि शब्द ऐकू आले. आपल्याकडे २०२३ साली ‘फुलराणी’ आला. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची, आणि पु. ल. देशपांड्यांच्या ‘ती फुलराणी’मुळे आपल्या घरची झालेली ती गोष्ट, कोळीवाड्यातल्या शेवंताच्या रूपाने. त्यातही नायक सुबोध भावेच. तिथे काळ बदलण्याचे धाडस झाले होते. ‘मानापमान’मध्ये पोशाख जुने ठेवले गेले. संगीताला जुना पोशाख शोभतो हे खरे, पण शेवंताच्या भाषेचा प्रश्न आजच्या प्रेक्षकाच्या जिव्हारी पोचू शकला, तर भामिनीच्या पैशाचा प्रश्न तर त्याच्या रोजच्या जेवणाच्या टेबलावरचा आहे.

कायद्याची आडकाठीही नाही, आणि ही गोष्ट हौशी मंडळींना फारशी ठाऊक नसते म्हणून इथे नोंदवतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. खाडिलकर २६ ऑगस्ट १९४८ रोजी गेले, त्यामुळे ‘मानापमान’ची संहिता २००९ सालापासून सर्वांची झाली. टेंबे १९५५ साली गेले, म्हणजे त्यांच्या चालीही २०१६ पासून मोकळ्या. पु. लं.च्या ‘ती फुलराणी’ला अजून बरीच वर्षे हात लावता येणार नाही, पण भामिनीला कोणीही कुठेही घेऊन जाऊ शकतो. हुतात्मा स्मृती मंदिरात एकांकिका करणाऱ्या पोरांनाही, आणि मोबाइलवर लघुपट काढणाऱ्यांनाही.

अडचण एकच राहते आणि ती कारागिरीची आहे. वेषांतर. धैर्यधराला वनमाला ओळखू येत नाही हे रंगमंचावर चालून गेले, कारण तिथे एक लुगडे बदलले की माणूस बदलतो. आज मुलाकडे मुलीचा फोटो पहिल्या भेटीच्या आधीच पोचलेला असतो. तिचे गाव, कॉलेज, मैत्रिणी, मागच्या सहलीत नेसलेली साडी, सगळे त्याने फोनवर चाळलेले असते. मग आजच्या भामिनीने धैर्यधराच्या छावणीत शिरायचे कसे? माझ्या मते तिने चेहरा लपवू नये. बायोडाटा लपवावा. मोहोळच्या बाजूला द्राक्षबागेत औषध मारणाऱ्या मुलाकडे तिने पीककर्जाच्या पाहणीला आलेली बँकेची मुलगी म्हणून जावे. नाव खरे, नोकरी खरी, फक्त आपल्याच घरच्यांनी सहा महिन्यांपूर्वी ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणून कळवले होते, तेवढे बोलू नये. फोटो त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता, नकार त्याआधीच गेला होता, असे दाखवता येते. मग पहिल्या प्रवेशात तो तिला सात-बारा दाखवेल आणि ती त्याच्या कर्जाचा आकडा वाचेल.